गुलाम कोणाकडे?

दिवाळीच्या सुट्टीत अंबाजोगाईला आमच्या घरी नातवंडे जमली, की दुपारी गुलामचोर रंगतो. पैसे लावण्याचा प्रश्नच नाही. ती आपल्या घरांची रीत नव्हे. आमच्याकडे बावन्न पानांतून तीन गुलाम बाजूस काढतात. उरलेल्या ४९ पानांत २४ जोड्या लागतात आणि एक गुलाम एकटा राहतो. अखेरीस तो ज्याच्या हाती, तो चोर.

थोरल्या नातीने यंदा पुण्याहून आणलेला ‘माफिया’ हा खेळही याच कुळातला. १९८६च्या सुमारास मॉस्को विद्यापीठातील दिमित्री डेव्हिडॉफ यांनी तो रचला. त्यात खलनायक गुप्तपणे ठरतो आणि गावकरी चर्चा करून त्याला हुडकतात. तेथील युक्ती एकच : साधा गावकरी असताना जितके बोलतो, तितकेच खलनायक झाल्यावरही बोलावे, एक शब्द कमी नाही, एक अधिक नाही.

ही युक्ती मला जुनीच वाटली. आमच्या एका शाखेतील कारकून वर्षानुवर्षे एकही रजा घेत नसे. आम्ही त्याचे कौतुक करीत असू. आजारपणामुळे तो आठवडाभर घरी बसला आणि खात्यांतील घोळ उघडा पडला. संवेदनशील जागेवरील माणसास बँका सक्तीची रजा देतात, ती उगीच नव्हे.

असो. धाकटा नातू मात्र दर डावात हरे. गुलाम तो कडेला सारून ठेवी आणि शेजाऱ्याचा हात तिकडे वळताच त्याचा चेहरा उजळे. शेजारी लगेच हात मागे घेई. शेवटी तो रडकुंडीला आला, “आजोबा, मला खोटं वागताच येत नाही!” सूनबाई आतून म्हणाल्या, “बाबा, येत नाही तेच बरं आहे. शिकवू नका.”

मी क्षणभर थांबलो. त्यांचे म्हणणे खरे होते. मग त्याला एवढेच सांगितले, की गुलाम असो वा नसो, प्रत्येक वेळी पाने पालथी धरून, न बघता पिसायची. कोणते पान कोठे गेले हे तुलाच ठाऊक नसेल, तर तुझा चेहरा सांगणार तरी काय?

पुढच्या डावात त्याच्याकडे तीन पाने उरली होती. त्याने ती पिसून शांतपणे माझ्यापुढे धरली. मी मधले ओढले.

गुलाम! सूनबाईही हसू लागल्या.