टपावरची काच

काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात, गगनबावड्याहून करूळ घाट उतरत असताना, माझ्या जुन्या गाडीच्या छतातून पाणी गळू लागले. प्रथम मधल्या दिव्याच्या कडेने एक थेंब आला, मग दुसरा. एका तीव्र वळणावर ब्रेक दाबला तेव्हा आरशामागून ओंजळभर पाणी थेट मांडीवर सांडले. परतीच्या वाटेवर घाट चढू लागलो आणि गळतीने जागा बदलली. आता ती मागच्या बाकावर बसलेल्यांच्या डोक्यावर होती. या जागाबदलात सगळे निदान दडलेले होते. मी साहित्याचा शिक्षक, चिन्हांचा अर्थ लावणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. तरीही हे चिन्ह मला वाचता आले नाही, हे आधीच कबूल करतो.

गाडी वीस वर्षांपूर्वीची, चारही चाकांना जोर देणारी, डोंगरवाटांसाठी बनवलेली. ती कोणत्या कंपनीची हे इथे गौण आहे. तिच्या टपात एक सरकणारी काच आहे. तिला सगळे जण सनरूफ म्हणतात. हल्ली मध्यम किमतीच्या गाड्यांतही ही काच आली आहे आणि तिच्यातून मुलांना वर उभे करण्याची हौसही. थंड देशांत ऊन दुर्मीळ, म्हणून तिथे छताला खिडकी हवी, हे समजते. आपल्याकडे ऊन मुबलक आणि पाऊस त्याहून मुबलक. तरीसुद्धा छतातून उजेड घेण्याची कल्पना आपल्याला परकी आहे असे नाही. स्वयंपाकघराच्या छपरात एखादे काचेचे कौल बसवण्याची रीत कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत आणि कोकणात जुनीच आहे. चुलीजवळ पडणारा तो चौकोनी कवडसा अनेकांच्या लहानपणीचे घड्याळ होता.

शहरातल्या एका गॅरेजने पहिला उपाय केला. काचेच्या चारही कडांना सिलिकॉन भरले आणि काच कायमची बंद करून टाकली. 'आता टेन्शन नाही' असेही सांगितले. दोन दिवस गाडीत शिरक्यासारखा आंबट वास येत होता. पंधरवड्यात पुन्हा पाणी आले. या वेळी ते वरून न ठिबकता पायाखालचा गालिचा ओला करू लागले आणि गाडीला कुबट वास सुटला. म्हणजे गळती थांबली नव्हती, फक्त दिसेनाशी झाली होती. माझ्या मते हा प्रकार अधिक वाईट.

अखेरीस शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी काचेकडे पाहिलेसुद्धा नाही. 'चढाला गळतंय का उताराला?' एवढेच विचारले. मी वर लिहिलेली हकिकत सांगितली. ते हसले. अर्धा दिवस खर्चून त्यांनी ते सिलिकॉन दोऱ्याने आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढले, काच उघडली आणि तांब्याभर पाणी मागितले. एकेका कोपऱ्यात हळूहळू पाणी ओतायचे आणि गाडीखाली वाकून पाहायचे. पुढच्या डाव्या कोपऱ्यात ओतलेले पाणी खाली आलेच नाही, ते वरच साचून राहिले. मग मिस्त्री म्हणाले, 'सर, पन्हळ तुंबली की घर गळणारच की! कौलं बदलून काय हुतंय?'

त्यानंतर त्यांनी जे समजावले ते इतके साधे होते की मला थोडी शरम वाटली. ही काच पाणी पूर्णपणे अडवण्यासाठी केलेलीच नसते. कडेचे रबर बहुतेक पाणी अडवते आणि उरलेले आत येऊ देते. मिस्त्रींच्या शब्दांत, 'काच पाणी अडवत न्हाई, नुस्तं दमानं आत सोडती.' आत आलेले पाणी काचेभोवतीच्या पत्र्याच्या उथळ पन्हळीत जमते. या पन्हळीच्या कोपऱ्यांना चार बारीक नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन समोरच्या काचेलगतच्या खांबांतून उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून, आणि पाणी गाडीच्या बाहेर, खाली सोडतात. वर्षानुवर्षे हे पाणी आपल्या डोक्यावरून आणि कानाजवळून वाहून जात असते आणि आपल्याला पत्ता नसतो. नळी तुंबली की पन्हळ भरते. मग उताराला पाणी पुढे कलंडते आणि चढाला मागे. माझ्या गाडीने घाटात हेच तर सांगितले होते.

नळीत त्यांनी गवत कापण्याच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी सावकाश सरकवली. हवेच्या दाबाचा पाइप शेजारीच होता. मी तो सुचवला, पण त्यांनी नकार दिला. जोराची हवा मारली तर नळी आतल्या सांध्यातून निसटते, आणि मग पाणी खांबाच्या आत, वायरिंगवर पडत राहते. दोरीबरोबर जे बाहेर आले ते पाहण्यासारखे होते: गुलमोहराच्या बारीक पानांचा लगदा, शाहूवाडी-पन्हाळ्याकडची लाल माती आणि गळीत हंगामात पाचट पेटवल्यावर जिल्हाभर उडणारी काजळी. कोल्हापूर जिल्ह्याचा भूगोल बोटाएवढ्या जाडीच्या त्या चिखलात उतरला होता. रबराला त्यांनी सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला (साध्या ग्रीसने रबर फुगते) आणि काचेची मागची कड टपापेक्षा केसभर वर ठेवली. आंबट वासाच्या सिलिकॉनमधून निघणाऱ्या आम्लाने पत्र्याच्या कडेला एके ठिकाणी गंज धरला होता. तो घासून त्यावर रंगाचा हात मारला. काम संपले.

आता मुद्द्याकडे येतो. या लेखाचे निमित्त गाडी असले तरी माझी तक्रार दुसरी आहे, आणि ती माझ्यासारख्यांविरुद्धच आहे.

साहित्याच्या वर्गात रॉबर्ट पिर्सिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) हे पुस्तक अनेकांनी वाचलेले असते. त्यात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या मोटरसायकलचे हँडल सैल झालेले असते. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये घालू. मित्राला हा अपमान वाटतो, एवढ्या देखण्या यंत्राला डब्याचा पत्रा! आपण हा प्रसंग वाचतो तेव्हा हटकून निवेदकाच्या बाजूचे असतो आणि मनात म्हणतो की आमच्याकडे तर प्रत्येक गल्लीत असा कारागीर आहे. इथे आपली चूक होते असे मला वाटते. निवेदकाची पट्टी आणि माझ्या गाडीतले सिलिकॉन दोन्ही 'देशी जुगाड' म्हणून एकाच कौतुकाच्या खात्यात टाकता येणार नाहीत. पट्टी घालणाऱ्याला हँडल का सैल झाले हे कळलेले आहे. सिलिकॉन भरणाऱ्याने, पाणी दिसते आहे ना, मग बुजवा, एवढाच विचार केला. पहिल्याने यंत्र वाचले आणि दुसऱ्याने त्याचे तोंड बंद केले. गेल्या काही वर्षांत जुगाडाच्या स्तुतीचे पीक आले आहे, व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत आणि ललित लेखांतही. त्या स्तुतीत हा फरक पुसला जातो, आणि त्यात नुकसान होते ते उद्यमनगरातल्या त्या मिस्त्रींचेच. त्यांच्या समजुतीने केलेल्या कामाला आपण 'हिकमत' म्हणून टाळ्या देतो आणि त्यामागचे ज्ञान मात्र मोजत नाही.

शब्दांचेही असेच होते. 'दुरुस्ती' हा फारसीतून आलेला शब्द. दुरुस्त म्हणजे नीट, योग्य. पण मराठीत या एका कामासाठी किती बारकाईने शब्द ठेवले आहेत ते पाहा. डागडुजी वेगळी, ठिगळ वेगळे, मलमपट्टी वेगळी. आणि या सगळ्यांहून वेगळी शाकारणी. मृगाच्या आधी माणूस छपरावर चढायचा, कौले उतरवून झाडायची, फुटलेली बदलायची, पुन्हा एकावर एक नीट बसवायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा. काही बिघडले म्हणून केलेले हे काम नव्हे, दर वर्षी करायचे ते काम. कौलारू छप्पर तरी पाणी पूर्णपणे कुठे अडवते? उतार, पन्हळ आणि वळचण या तिघांच्या संगनमताने ते पाण्याला वाट देते. मिस्त्रींना नळ्यांचे रहस्य कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेतून कळले नव्हते. त्यांना शाकारणी ठाऊक होती. त्यांच्यापाशी शब्द होता, म्हणून यंत्र समजले.

आणि हे शब्द गॅरेजात अजून जिवंत आहेत. टप, हौदा, पाटा, धुरा, फाळका, पाना. गाडीच्या छताला 'टप' म्हणायला कोणत्याही परिभाषा समितीने शिकवलेले नाही. एसटीच्या आणि वडापच्या प्रवाशांनी ते रुळवले. सनरूफला मी 'सूर्यछत' म्हणू लागलो तर माझे विद्यार्थी हसतील, आणि त्यांनी हसावेच. मिस्त्री तिला 'टपावरची काच' म्हणतात. बोलींच्या अभ्यासात आपण शेतीची, लग्नविधींची, जात्यावरच्या ओव्यांची शब्दसंपदा प्रेमाने गोळा करतो. लेथ, फाउंड्री आणि गॅरेज यांची क्वचित. त्र्यं. ना. आत्र्यांनी 'गावगाडा' (१९१५) लिहिताना बलुतेदारांच्या कामाकडे ज्या बारकाईने पाहिले, ते पाहणे आपण जणू गावाच्या वेशीपाशी थांबवले. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे आणि उद्यमनगरही आहे, दोन्हींत फार अंतर नाही. मी स्वतः तीसेक वर्षे एका बाजूला काढली आणि दुसऱ्या बाजूला गेलो तो टपातून पाणी गळल्यावर.

थोडे विषयांतर. पाण्याला वाट न देता ते बुजवण्याची ही खोड केवळ गॅरेजवाल्यांची नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी पंचावन्न फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. अतिवृष्टी होती हे खरे. धरणांतल्या विसर्गाचा वाद आहे, तोही खरा. परंतु पूररेषेतली बांधकामे, आक्रसलेले नाले आणि रस्त्यांचे भराव यांच्याबद्दल गावातली जाणती माणसे जे बोलतात, ते मिस्त्रींच्या वाक्याहून वेगळे नाही. भरावाच्या जागी खांबांवरचा पूल हवा ही मागणी म्हणजे नळी मोकळी ठेवा हीच मागणी. असो.

वर्गापुरतेही एक सांगून टाकतो, कारण वाचक बहुतेक शिक्षकच आहेत. एखाद्या कवितेत अर्थ झिरपतो अशी एखादी जागा असते. तिथे विद्यार्थी थबकतो आणि प्रश्न विचारतो. आपण (मीसुद्धा) परीक्षेच्या धास्तीने ती जागा गाइडमधल्या एका ओळीने बुजवतो. विद्यार्थ्याचे समाधान झालेले दिसते. गालिचा खालून ओला होत राहतो.

आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: एवढी जुनी गाडी ठेवायचीच कशाला? धूर, इंधन, सुरक्षितता हे प्रश्न खोटे नाहीत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण जाहीर केले आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ज्या गाड्या खरोखर विषारी धूर ओकतात त्या जाव्यात, याबद्दल माझे दुमत नाही. पण वयाची रेघ ओढून सगळ्यांना एकाच मापाने मोजण्यात नीट राखलेले आणि हेळसांड केलेले यांतला फरक उरत नाही. नवी गाडी घडवायलाही पोलाद, काच आणि वीज लागतेच. आणि गाड्यांबरोबर त्या दुरुस्त करणारे हातही भंगारात जातात. मिस्त्रींचा मुलगा पुण्यात एका सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. तिथे, तो सांगतो, सनरूफचा अख्खा संचच बदलतात, नळीत दोरी घालायला कुणाला वेळ नसतो. बिल ग्राहकाला परवडत नाही, म्हणून ग्राहक सिलिकॉनवाल्याकडे जातो. दोन्ही टोकांना काचेखालची पन्हळ कुणीच पाहत नाही.

आता दर वर्षी रोहिण्या निघाल्या की मी टपावरची काच उघडतो, पन्हळ ओल्या फडक्याने पुसतो आणि चारी कोपऱ्यांत तांब्या-तांब्या पाणी ओततो. बायको याला माझी शाकारणी म्हणते. पुढच्या दोन्ही नळ्या झकास वाहतात. मागची उजवी मात्र यंदा थेंब थेंब सोडत होती. खांबात कुठेतरी नळी मुडपली असणार, आतले अस्तर काढून पाहावे लागेल, असे मिस्त्री म्हणाले. त्यांना संधिवाताने वाकवत नाही, म्हणून या रविवारी अस्तर मी काढायचे आणि त्यांनी खुर्चीवर बसून सांगायचे, असे ठरले आहे.