दुखण्याची बाराखडी

मराठी माणूस पैशाच्या बाबतीत कितीही काटकसरी असो, दुखण्याच्या शब्दांत त्याने कधी कंजुषी केलेली नाही. त्याची दाढ ठणकते, गळू ठसठसते, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, पायाला रग लागते, डोके भणभणते आणि दिवसभर राबल्यावर सगळे अंग आंबून जाते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. दाढेत उसण भरल्याचे कोणी ऐकले आहे काय? ही समानार्थी शब्दांची यादी नव्हे, असे मी मराठीच्या वर्गात दरवर्षी सांगतो. परंतु त्यातला एकेक शब्द अंगाला समजला तो लेहला, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवर, मॅरेथॉन पळताना.

मराठीच्या प्राध्यापकाला ही अवदसा कोठून आठवली, असे वाचक विचारतील. साक्रीतही विचारले गेले. चाळिशी उलटलेला मास्तर पहाटे अर्धी विजार घालून महामार्गाच्या कडेने पळताना दिसला, की तालुक्याच्या गावात लोकांना काळजी वाटू लागते. पहिल्याच आठवड्यात एका दूधवाल्याने मोटारसायकल थांबवून विचारले, “काबरं पळी ऱ्हायनात सर? कोन मांगे लागेल शे का?” मी हसून वेळ मारून नेली. मागे कोणी लागले नव्हते असे मात्र नाही. ते पुढे सांगेन.

लांब पळणे आपल्याकडे नवे नाही. पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवण्याची खटपट झाली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले आणि 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. ही थोर मंडळी. माझी मजल म्हणजे रविवारी सकाळी ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या समोरून येणाऱ्या वाऱ्याशी हुज्जत घालणे, एवढीच.

तरीही लेहला जायचे ठरले. तेथे 2012 पासून सप्टेंबरात मॅरेथॉन होते. लेहची उंची किती, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवून पाहावी. तरी लेह दोनशे मीटर वरच राहते. “वर प्राणवायू कमी असतो” असे आपण म्हणतो. खरे तर हवेतले त्याचे प्रमाण तेथेही शंभरात एकवीसच असते. कमी असतो तो हवेचा दाब. आपला श्वास हे दुधाचे माप मानले, तर येथे काठोकाठ भरणारे माप लेहला दोन-तृतीयांशच भरते. मग शरीर जास्त मापे घालू लागते. श्वास जलद होतो, नाडी वाढते. मूत्रपिंडे रक्तातला तोल सांभाळण्याच्या खटाटोपाला लागतात आणि रात्री दोनतीनदा उठावे लागते. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर कित्येक आठवडे जातात. म्हणून धावणाऱ्यांनी काही दिवस आधी येऊन ती हवा अंगवळणी पाडावी, असा दंडक आहे. पहिले दोन दिवस मी नव्या सुनेसारखा दबकून वावरलो. धर्मशाळेचे दोन जिने चढलो तरी धाप लागे.

उंची कोणाचीच भीड ठेवत नाही. 1968 चे ऑलिंपिक मेक्सिको शहरात झाले. ते शहर 2,240 मीटर उंचीवर, म्हणजे लेहपेक्षा पुष्कळच खाली. दहा हजार मीटरच्या शर्यतीचा तेव्हाचा विश्वविक्रम ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचा होता, 27 मिनिटे 39.4 सेकंदांचा. मेक्सिकोत केनियाचा नफ्ताली तेमू पहिला आला तो 29 मिनिटे 27.4 सेकंदांत. दुसरा इथिओपियाचा मामो वोल्डे. दोघेही उंच डोंगराळ मुलुखात वाढलेले. क्लार्क सहावा आला आणि रेषा ओलांडताच कोसळला. त्याला प्राणवायू द्यावा लागला. तेथली मॅरेथॉन मामो वोल्डेने जिंकली. परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी. वाटेत पडून गुडघा दुखावलेला, पायाला पट्टी बांधलेली, अशा स्थितीत तो पहिल्यानंतर तासाभराने, सर्वांत शेवटी मैदानात आला.

अख्वारीची गोष्ट आपण मुलांना जरूर सांगावी. पण त्या दिवशी निघालेल्या 75 जणांपैकी 18 जण मध्येच थांबले, हेही त्याच दमात सांगावे. थांबणारे सगळे भित्रे होते, असे मी आता म्हणणार नाही.

लेहला डॉक्टरांनी आम्हांला एक छोटी परीक्षा शिकवली. सरळ रेषेवर एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्या पावलाची टाच लावत दहा पावले चालायचे. जमले तर ठीक. उंचीवर पहिल्या दिवसांत थोडे डोके दुखणे साधारणच. पण त्यासोबत ओकाऱ्या, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे सुरू झाले, तर मर्दुमकी बाजूला ठेवायची आणि खाली उतरायचे. फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याची ती खूण असू शकते, आणि मग पुढची वेळ तासांत मोजायची असते.

शर्यतीच्या दिवशी पहाटे थंडी बोचत होती. रस्ता आधी सिंधूकडे उतरतो, नदी ओलांडतो आणि शेवटी पुन्हा लेहचा चढ अंगावर घेतो. अठराव्या किलोमीटरला माझा उजवा गुडघा बोलू लागला. मी वेग कमी केला आणि मास्तरकी सुरू केली. बाबा रे, ही कळ की रग? कळ असती तर पाऊल टाकताक्षणी लकाकून गेली असती, चाल वाकडी झाली असती. ही रग होती. चार मिनिटे चाललो आणि ती निमूटपणे बसली. पंचविसाव्याला पोटरीत गोळा आला. मीठपाणी प्यालो, पोटरी ताणली, गोळा गेला. डोके जड होते, पण भणभणत नव्हते. एकेका दुखण्याला नाव दिले की त्याची निम्मी भीती कमी होते, आणि उरलेल्या निम्म्या भीतीची खरोखर गरज असते.

माझ्यासोबत नाशिकचे एक बँकेतले गृहस्थ धावत होते. माझ्याहून तयारीचे, अंगाने चपळ. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ते एकदम म्हणाले, “सर, रस्त्याची पांढरी रेघ माझ्या पायाखालून सरकतेय.” त्यांनी तेथेच टाचेला चवडा लावून पाहिला. तिसऱ्याच पावलाला तोल गेला. एक शब्द न बोलता ते मदतकेंद्रातल्या गाडीत जाऊन बसले. संध्याकाळी प्राणवायू घेऊन, गरम थुक्पा पिऊन ते हसत होते. माझ्या गळ्यात पदक होते, त्यांच्या नव्हते. शेवटचा चढ मी पळण्यापेक्षा चालूनच जास्त काढला. पण त्या दिवशी पदक लपवून ठेवावेसे मला वाटले.

आता मागे कोण लागले होते ते सांगतो. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. 2003 च्या फेब्रुवारीत आठवडाभर ते म्हणत होते, “छातीत जरा भरल्यासारखं वाटतं. वात असेल.” आई ओवा आणि काळे मीठ देई. शाळेचा चढ चढताना भरून येई, ओट्यावर टेकले की जाई. “बसलं की जातं, म्हणजे काही नाही,” हा त्यांचा निष्कर्ष. आठव्या रात्री धुळ्याच्या वाटेवर, कुसुंब्याच्या अलीकडे, गाडीतच सारे संपले. आयुष्यभर मुलांना शब्दांचे नेमके अर्थ सांगणाऱ्या माणसाने आपल्या छातीतल्या गोष्टीला चुकीचे नाव दिले.

पुढे मला कळले की पायाचे दुखणे विश्रांतीने गेले तर ते बहुधा सोडून द्यावे. छातीचे दुखणे श्रमाने येऊन विश्रांतीने जात असेल, तर तोच इशारा असतो. जळजळ, भरून येणे, डावा हात किंवा जबडा जड होणे, यांपैकी काहीही असो, त्याला वात म्हणण्याचा अधिकार हृदयाचा आलेख पाहिल्यावर डॉक्टरांचा, आपला नव्हे. पळायला लागण्यापूर्वी मी धुळ्याला जाऊन फिरत्या पट्ट्यावरची ती तपासणी करून आलो. सौभाग्यवतीची अटच होती. ती म्हणाली होती, “अहो, पळा खुशाल. पण दुखलं तर ‘काही नाही’ म्हणायचं नाही.”

ही अट प्रत्येक घरात असावी असे मला वाटते. आपल्याकडे सोसण्याचे फार कौतुक. आई कंबर धरून फराळाचे डबे भरते, आजोबा जिन्यात थांबून उगाचच चष्मा पुसतात, आणि आपण जाता जाता विचारतो, “बरं आहे ना?” त्याला “हो” यापलीकडे उत्तर येणार तरी काय? यंदाच्या दिवाळीत जरा टेकून विचारावे: कुठे दुखते, कसे दुखते, केव्हा येते, कशाने जाते? रग असेल तर पाय चेपून द्यावेत, उसण असेल तर शेक द्यावा. आणि सांगणारा शब्दासाठी अडखळला, हात छातीकडे गेला, तर चकली ताटात ठेवून आधी गाडी काढावी.