लोकलच्या खिडकीतून काढलेला फोटो पुरावा म्हणून चालतो का?

१२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण या लोकलच्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि द्रोणागिरीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांचा रोजचा रस्ता बदलला. या मार्गावर खिडकीतून खाडी दिसते, खारफुटी दिसते, कंटेनरचे ढीग दिसतात. अशा वेळी हात आपोआप मोबाईलकडे जातो.

असाच एक फोटो मी काढला होता. खारफुटीच्या कडेला मुरमाचे ताजे ढीग दिसत होते. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि कुणीतरी तो जोडून तक्रार केली. काही महिन्यांनी एका कार्यालयातून विचारणा झाली: फोटो नेमका कुठला, कधीचा, मूळ फाईल आहे का? तोपर्यंत मी फोन बदलला होता आणि गॅलरी साफ केली होती. उरली होती फक्त ग्रुपवरची कॉपी. तक्रार तिथेच थांबली. चूक माझीच होती, आणि मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे!

हा प्रश्न एका फोटोपुरता नाही. द्रोणागिरी नोडला लागून असलेल्या पाणजे पाणथळ जागेत भरतीचं पाणी अडवलं जातं, अशा तक्रारी पर्यावरण कार्यकर्ते अनेक वर्षं करत आले आहेत. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी नष्ट करणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं म्हटलं आणि खारफुटीभोवती ५० मीटरचा बफर सांगितला. कायदा आहे. पण 'अमुक तारखेला इथे पाणी होतं' हे दाखवायचं कुणी? रोज तिथून जाणारा प्रवासी हे सहज करू शकतो.

फोटोच्या आत काय असतं?

मोबाईल फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत एक्झिफ नावाची माहितीही साठवतो. हे स्टँडर्ड १९९५ साली जपानमध्ये तयार झालं. त्यात तारीख, वेळ, फोनचं मॉडेल असतं. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली असेल तर अक्षांश-रेखांशही असतात.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र कॉम्प्रेस होतं आणि ही माहिती निघून जाते. एचडी निवडलं तरी मूळ फाईल जात नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर मात्र फाईल जशीच्या तशी जाते.

आणखी एक अडचण चालत्या गाडीची. ताशी ६० किमी वेगाने लोकल सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. फोनने १० सेकंदांपूर्वीचं लोकेशन वापरलं तर नकाशावरचा ठिपका सुमारे १७० मीटर चुकतो. ५० मीटरच्या बफरचा वाद असेल तर ही चूक मोठी आहे. म्हणून फ्रेममध्ये एखादी न हलणारी खूण घ्या. ओव्हरहेड वायरच्या खांबावर नंबर असतो, त्यात किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक कळतो. तो आला तर उत्तम.

कोर्टात काय लागतं?

एक्झिफ बदलता येतं, त्यामुळे तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. एसएचए-२५६ ने काढला तर ६४ अक्षर-अंकांची ओळ मिळते. फोटोतला एक पिक्सेल बदलला तरी ती पूर्ण बदलते. ग्रुपवरच्या कॉपीचा अंगठा मूळ फोटोशी जुळत नाही, तो याचमुळे.

प्रमाणपत्राचा आग्रह नवा नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद उमेदवारी अर्ज वेळेत आले का, यावर आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की कॉपी सादर करायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला येऊन दाखवलं तर त्याची गरज नाही. थोडक्यात, जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी दोनदा विचार करा.

साध्या तक्रारीसाठी एवढं लागत नाही. पण तक्रार पुढे कोर्टात जाईल की नाही, हे फोटो काढताना माहीत नसतं.

मग करायचं काय?

• मूळ फाईल त्याच दिवशी पेन ड्राईव्ह किंवा क्लाऊडवर ठेवा. क्लाऊडमध्ये 'ओरिजनल क्वालिटी' निवडा.
• दर महिन्याला त्याच जागेचा, त्याच बाजूचा फोटो घ्या. भरती होती की ओहोटी हे लिहून ठेवा. नाहीतर ओहोटीचा चिखल दाखवून 'पाणी आटलं' असं म्हटल्यासारखं होईल.
• सोशल मीडियावर टाकताना लोकेशन काढलेली कॉपी टाका. घराच्या बाल्कनीतल्या फोटोत तुमचा पत्ताही असतो.
• सहप्रवाशांचे चेहरे टाळा, आले तर क्रॉप करा. क्रॉप कॉपीवर करायचं, मूळ फाईलवर नाही.
• दारात लटकू नका, रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार विनापरवाना हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.
• उरण परिसरात नौदलाच्या जागा आणि बंदर आहे. 'फोटो काढण्यास मनाई' असा बोर्ड दिसला तर मोबाईल खिशात ठेवा.

मी आता महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच ठिकाणचा फोटो घेतो आणि फाईलचा हॅश एका वहीत उतरवतो. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी कुणी 'मूळ फाईल आहे का?' विचारलं, तर 'आहे' म्हणता येईल.