तेल कमी करा, पण कुणी?

रमजान आला की इफ्तारच्या भजी-समोशांवर बोलणे सुरू होते. तेल कमी करा, फळे खा, तरावीहनंतर थोडे चाला. सल्ला खराच आहे. पंतप्रधानांनीही 23 फेब्रुवारी 2025 च्या ‘मन की बात’मध्ये खाद्यतेल 10 टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि 22.9 टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले, तेव्हा काळजी रास्तच.

पण हा सल्ला पाळणे परवडते कुणाला? चंदनसारच्या चाळीतला माणूस पहाटे विरारची लोकल पकडतो, तासाहून अधिक प्रवास करून मुंबईत कामाला पोहोचतो आणि रात्री परततो. व्यायामशाळेची फी सोडाच, चालायला अर्धा तासही त्याच्याकडे उरत नाही. भूक लागली की वडापाव खाल्ला, पोट भरले. तेवढ्या पैशांत फळ घेतले तर भूक तशीच. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, भाजी नव्हे. लठ्ठपणा आजही सुखवस्तू घरांत जास्त दिसतो, हे मान्य. पण नुसत्या उपदेशाची मोहीम वेळ नि पैसा असलेल्याचेच वजन आधी उतरवते. गरिबाला मधुमेह झाला तर दवाखान्याच्या रांगेत दिवसाची मजुरीही बुडते.

आणि आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याकडे, कुपोषण हटलेले नाही. तिथे ‘कमी खा’ कुणाला सांगणार?

नियम बदलले की मात्र गोष्ट वेगळी होते. जानेवारी 2022 पासून तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली. त्यासाठी गिऱ्हाइकाला शिकलेले असावे लागत नाही की जास्त पैसे मोजावे लागत नाहीत. फायदा हॉटेलात जाणाऱ्याला तोच, गाडीवर खाणाऱ्याला तोच. कराचे धोरण मात्र दोन दिशांना ओढते. 22 सप्टेंबर 2025 पासून साखरेच्या थंड पेयांवर 40 टक्के जीएसटी, आणि त्याच दिवशी फरसाण, बिस्किटे 5 टक्क्यांवर. स्वस्ताई कुणाला नको? पण मग शाळेत साखरेचे फलक लावून मुलांना काय शिकवायचे, हा प्रश्न उरतोच.

महापालिकेच्या दवाखान्यांत साखर आणि रक्तदाब तपासणीची एक वेळ रात्री आठनंतरची ठेवायला हवी. सकाळी अकराला चंदनसारचा कामगार मुंबईत असतो.