प्रामाणिक ऋणकोला कायद्याचे दार कधी उघडणार?

सोयाबीन, तूर आणि हळद ही हिंगोली जिल्ह्याची मुख्य पिके. कोरडवाहू शेती हे इथल्या बहुसंख्य कुटुंबांचे प्राक्तन. या जिल्ह्यातील साखरा गावच्या एखाद्या अल्पभूधारकाची सलग दोन हंगामांची पिके हातची गेली, तर कर्जातून सन्मानाने बाहेर पडण्याचा कोणता मार्ग कायद्याने त्याच्यासाठी ठेवला आहे? दिवाळखोरी कायद्याविषयी महानगरांत चालणाऱ्या चर्चांत हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो.

२०१६ मध्ये केंद्रातील राष्ट्रीय विचारांच्या सरकारने नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. कर्ज थकवलेल्या प्रवर्तकाला आपलीच कंपनी मागच्या दाराने स्वस्तात परत घेता येऊ नये, म्हणून २०१७ मध्ये तिला २९अ हे कलम जोडले गेले. कर्ज थकवले तर मालकी जाते, ही जाणीव उद्योगजगतात प्रथमच निर्माण झाली. याचे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे.

परंतु याच संहितेखाली मराठवाड्याने आणखी एक चित्र पाहिले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन समूहावर सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे दावे मान्य झाले होते. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने मंजूर केलेला प्रस्ताव होता २,९६२ कोटींचा. म्हणजे रुपयामागे पाच पैसेही नाहीत! जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ही मंजुरी रद्द केली. पण एवढ्या मोठ्या रकमेवर पाणी सोडण्यास धनको बँका तयार झाल्या होत्या, हे विसरता येत नाही.

आता साखऱ्याकडे वळावे. संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद लिहिलेली आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि पात्र कर्ज ३५,००० पर्यंत असेल, तरच तिचा लाभ. स्वतःचे राहते घर असेल तर माणूस अपात्र. तारण असलेले कर्ज तर मुळातच वगळलेले. मातीच्या भिंतींचे का होईना, पण घर असणारा शेतकरी या चौकटीत बसणार कसा? शिवाय १ डिसेंबर २०१९ पासून हा तिसरा भाग लागू झाला तो कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच. इतरांसाठी उरला १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा. इंग्रजांनी केलेला आणि ५०० रुपयांच्या कर्जाची मर्यादा सांगणारा.

ही पोकळी कर्जमाफीने भरली जाते. २००८, २०१७, २०१९ अशा माफ्या झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या आंदोलनानंतर राज्य सरकारने पुन्हा मुदत घालून आश्वासन दिले. संकटात माफी आवश्यक ठरते, हे मान्य. परंतु ती ठरावीक तारखेच्या थकबाकीला मिळते, माणसाच्या परिस्थितीला नाही. सावकाराचे कर्ज काढलेला तिच्या बाहेर राहतो. पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरणाऱ्याला आपण फसलो असे वाटते. नियमित कर भरणारा मध्यमवर्ग याबद्दल नाराजी व्यक्त करतो, ती अनाठायी नाही. मात्र कंपनीचे कर्ज सोडणे हा ‘व्यवहार’ आणि शेतकऱ्याचे सोडणे ही ‘खिरापत’, हा दुजाभाव त्यानेही तपासून पाहावा.

आपल्या परंपरेने ऋण फेडणे हे कर्तव्य मानले. त्याचबरोबर धनकोच्या लोभालाही मर्यादा घातली. धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम सांगतो, की व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंना लागू केला. १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि खतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. दीडशे वर्षांपूर्वी परकीय सत्तेला जे करावे लागले, ते स्वकीयांच्या राज्यात अपुरे राहावे काय?

उपाय अवघड नाहीत. तिसरा भाग सर्वांसाठी लागू करावा. त्याच्या मर्यादा आजच्या महागाईनुसार ठरवाव्यात. राहते घर आणि पीककर्ज यांचा अडसर दूर करावा. सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. ज्याला फेडता येत नाही आणि जो फेडू इच्छित नाही, त्यांच्यातील भेद तिथे पुराव्याने ठरावा. पीकहानी ३३ टक्क्यांहून अधिक असेल तर पीककर्जाचे पुनर्गठन करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत होतीच. असा दिलासा कागदावर न राहता शेतकऱ्याच्या खात्यात उतरतो की नाही, याकडे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. शेतकऱ्याबरोबर बँकेच्या पायऱ्या चढणे हेही समाजकार्यच आहे.

पंडित दीनदयाळजींनी अंत्योदयाचा विचार दिला. कंपन्यांपासून सुरू झालेला हा कायदा साखऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचेल, तेव्हाच त्या विचाराचे ऋण काही अंशी फिटेल.