डाव्या कोपऱ्याचे मोल

31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीच्या त्यागराज क्रीडासंकुलात प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला आणि दबंग दिल्लीने पुणेरी पलटणवर 31-28 अशी मात केली. अखेरच्या क्षणांत पुण्याचा तरुण चढाईपटू आदित्य शिंदे याची जी निर्णायक पकड झाली, ती फझल अत्राचलीने केली. महाराष्ट्रातील कबड्डीप्रेमींना पराभवापेक्षा ते नाव अधिक लागले. कारण तीन वर्षांपूर्वी, 2022 च्या हंगामात, हाच फझल पुण्याचा कर्णधार होता. हंगाम संपल्यावर पुण्याच्या व्यवस्थापनाने त्याला मोकळे केले होते.

बागलाण तालुक्यातील नामपूर हे मोसम नदीच्या काठचे गाव. बाजार समितीत कांद्याचा लिलाव, शिवारात डाळिंब, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर जगाच्या सगळ्या प्रश्नांचा निकाल, असा येथील दिनक्रम. क्रिकेट येथेही आहेच. परंतु मातीवरचा कबड्डीचा सामना पाहिलेली पिढी अजून हयात असल्याने ‘लोण’ आणि ‘निदान रेषा’ हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते. चाळीतला शेवटचा उन्हाळ कांदा बाहेर निघत होता आणि पहिला लाल कांदा दिसू लागला होता. जुन्या-नव्या मालाची एकाच वेळी प्रतवारी लावण्याचे हे दिवस. त्यामुळे वाद पेटला तो योग्य मुहूर्तावरच म्हणावयाचा.

वाद घालणारे मुख्यत्वे दोघे. एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते. दुसरा त्यांचाच एके काळचा विद्यार्थी, आता वडिलांची कांद्याची पेढी सांभाळणारा तिशीतला व्यापारी.

“गुरुजी, पुण्याने फझलला सोडले यात चूक काय?” व्यापाऱ्याचा सवाल होता. “तिशी ओलांडलेला खेळाडू. भाव उतरण्याच्या आत माल काढला. धंद्यात यालाच शहाणपण म्हणतात.”

“अरे, कांद्याला मोड येतात, माणसाला अनुभव येतो,” गुरुजी म्हणाले.

वाक्य टाळी घेणारे होते, पण वाद टाळ्यांवर सुटत नाहीत. आकडे पाहिले पाहिजेत.

फझलचा जन्म 1992 चा, इराणमधल्या गोरगानचा. यू मुंबाच्या संघातून तो भारतात आला आणि 2015 मध्ये, दुसऱ्याच हंगामात, मुंबईच्या विजेतेपदाचा वाटेकरी झाला. 2016 साली पाटण्याबरोबर चौथ्या हंगामाचे विजेतेपद, पुढच्या वर्षी गुजरातबरोबर उपविजेतेपद. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटी रुपये मोजले. या स्पर्धेच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. त्या हंगामात त्याने पकडींचे 83 गुण मिळवून किंमत वसूल करून दिली. त्याच वर्षी जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवले. 1990 पासून आपल्याकडेच राहिलेले पुरुष कबड्डीचे सुवर्णपदक प्रथमच हातचे गेले, आणि त्या इराणी संघातही फझल होता. स्पर्धेच्या इतिहासात पकडींचे पाचशेहून अधिक गुण मिळवणारा पहिला खेळाडू म्हणून आज त्याच्याकडे पाहिले जाते.

2022 मध्ये पुण्याने त्याला 1 कोटी 38 लाखांना घेतले. त्या काळी एका संघाला खेळाडूंवर एकूण 4 कोटी 40 लाख रुपये खर्चण्याची मुभा होती. म्हणजे थैलीतील जवळजवळ 31 टक्के रक्कम एका माणसावर. पुणे त्या वर्षी प्रथमच अंतिम फेरीत पोहोचले आणि मुंबईत जयपूरकडून 33-29 असे हरले. दुखापतींमुळे अस्लम इनामदार व मोहित गोयत हे दोन बिनीचे चढाईपटू त्या सामन्यात नव्हते, हे सांगितल्याशिवाय तो पराभव कोणाच्याही खाती टाकणे अन्यायाचे होईल.

त्यानंतर जो निर्णय झाला, त्याचा हिशेब मुळापासून मांडावा लागतो. थैली पाच कोटींची झाली. पुण्याने फझलला सोडले आणि 2023 च्या लिलावात इराणचाच, वयाने बराच लहान असा मोहम्मदरेझा शादलू 2 कोटी 35 लाखांना घेतला. हा आकडा एकूण थैलीच्या 47 टक्के भरतो. एकाच कर्जदाराला निम्मा निधी देणाऱ्या शाखाधिकाऱ्याला वरिष्ठांनी स्पष्टीकरण विचारले असते! परंतु पुण्याच्या व्यवस्थापनाची दुसरी बाजू पक्की होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, अबिनेश नादराजन, गौरव खत्री अशी तरुण मुले त्यांनी स्वतःच्या मुशीत घडवलेली होती. ती स्वस्तात उपलब्ध असल्यामुळेच एका जागी एवढी रक्कम ओतणे परवडले. शादलूने त्या हंगामात पकडींचे 99 गुण मिळवले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणाला 28-25 असे नमवून पुण्याने पहिले विजेतेपद पटकावले. कर्णधार होता अहमदनगर जिल्ह्याचा अस्लम.

तेव्हा व्यापाऱ्याचे म्हणणे कागदावर खरे ठरते. जुना खेळाडू सोडला, नवा घेतला, करंडक आला. गुरुजींनाही हे नाकारता आले नाही.

पण पुढच्याच पानावर हिशेब फिरतो. विजेतेपदानंतर पुण्याने शादलूलाही सोडले. ऑगस्ट 2024 च्या लिलावात तो 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला. त्या हंगामात पुणे बाद फेरीतही पोहोचले नाही, आणि 29 डिसेंबरला पुण्याच्याच बालेवाडी क्रीडानगरीत शादलूच्या हरियाणाने पाटण्याचा पराभव करून करंडक उचलला. घरच्या अंगणात दुसऱ्याचे लग्न लागावे, तसा तो प्रकार झाला. वय झालेला खेळाडू सोडणे आणि ऐन उमेदीतला खेळाडू सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचे समर्थन दुसऱ्याला लावता येत नाही. टपरीवरच्या चर्चेत मात्र दोन्ही निर्णय एकाच गाठोड्यात बांधले जात होते.

त्याच लिलावात फझलचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. 2023 मध्ये गुजरातने त्याला 1 कोटी 60 लाखांना घेतले होते. वर्षभराने बंगालने त्याच माणसाला 50 लाखांत घेतले. एका वर्षात किंमत दोनतृतीयांशाहून अधिक घसरली. माणसाची पकड एका वर्षात एवढी ढिली होते काय? होत नाही. बाजाराने पकडीची किंमत कमी केली नव्हती. उरलेल्या वर्षांची किंमत कमी केली होती. कांद्याच्या लिलावात उभ्या असलेल्या माणसाला हे चटकन कळते. नोव्हेंबरात उन्हाळ कांद्याचा भाव आजच्या दर्जावर जितका ठरतो, तितकाच तो आणखी किती दिवस टिकेल यावर ठरतो.

येथे गुरुजींनी एक मुद्दा मांडला, तो लिलावाच्या पाटीवर दिसत नाही. कबड्डीत चढाईपटूचे वय आधी दिसते, कारण त्याचे सारे भांडवल पायांच्या वेगात असते. कोपरारक्षकाचे तसे नाही. तो डाव्या टोकाला उभा राहून वाट पाहतो. चढाई तीस सेकंदांची. त्यातील कोणत्या क्षणी घोट्यावर झेप घ्यायची आणि कोणत्या क्षणी मागे राहायचे, हे ठरवणे हेच त्याचे काम. लवकर झेपावला तर स्वतः बाद होतो आणि सोबत दुसऱ्याला घेऊन जातो. संघात तीनच गडी उरले असता केलेली पकड दोन गुणांची असते. अशा वेळी तरुण कोपरारक्षक गुण पाहतो, जुना कोपरारक्षक घड्याळ पाहतो. शिवाय शेजारच्या मध्यरक्षकाला हाताने थोपवून धरणे हेही त्याचेच काम, ज्याचा गुण कोणत्याही तक्त्यात मांडला जात नाही.

“मग दिल्लीवाल्यांना हे कळले, पुण्याला नाही, असेच ना?” व्यापाऱ्याने विचारले.

दिल्लीला ते पूर्वीही कळले होते. आठव्या हंगामात दिल्लीने मनजीत छिल्लर, जीवा कुमार अशी वय झालेली, अनेक संघ फिरून आलेली मंडळी बचावात गोळा केली. कर्णधार होता जोगिंदर नरवाल, तोही बचावपटू आणि वयाने ज्येष्ठ. त्या संघाने फेब्रुवारी 2022 मध्ये पाटण्याला 37-36 असे एका गुणाने हरवून विजेतेपद मिळवले. तोच जोगिंदर 2025 मध्ये दिल्लीचा प्रशिक्षक होता. ज्याने स्वतः उतारवयात करंडक उचलला, त्याला तेहेतीस वर्षांच्या फझलची भीती वाटण्याचे कारण नव्हते. चढाईची भिस्त आशू मलिकसारख्या तरुणांवर आणि बचावाच्या टोकाला एक जुना जाणता, अशी ती मांडणी होती.

याचा अर्थ पुणे चुकले असा मात्र होत नाही. एका पकडीवरून तीन वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा निवाडा करणे हे गैर आहे. कागदपत्रे नीट तपासून दिलेले कर्जही कधी बुडते, आणि डोळे झाकून दिलेले कधी वेळेवर फिटते. म्हणून डोळे झाकणे योग्य ठरत नाही. 2023 मध्ये पुण्याच्या हाती जी माहिती होती, तिच्या आधारे फझलला सोडणे समर्थनीय होते. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. 2024 मध्ये तोच फझल 50 लाखांत, म्हणजे पाच कोटींच्या थैलीतील दहा टक्क्यांत, उपलब्ध झाला. शादलू गेल्याने पुण्याचा डावा कोपरा रिकामा होता. त्या वेळी 1 कोटी 38 लाखांना महाग वाटलेला माणूस 50 लाखांना पुन्हा विचारात घेतला गेला काय? एकदा सोडलेल्या माणसाकडे परत जाणे व्यवस्थापनांना फार जड जाते. ते जणू आधीच्या निर्णयाची कबुली वाटते. पेढ्यांवर, कचेऱ्यांत, घराण्यांतही हेच दिसते.

या खेळात अपवाद अगदीच नाहीत असे नव्हे. यू मुंबाला पहिल्या हंगामांत उभे करणारा कर्णधार अनुप कुमार 2018 मध्ये जयपूरकडे गेला आणि त्याच हंगामात, डिसेंबरात, निवृत्त झाला. पुढच्या वर्षी पुण्यानेच त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावले. खेळाडू म्हणून संपलेला माणूस दुसऱ्या जागी उपयोगी पडतो, हे पुण्याला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही.

चर्चा येथेच थांबली असती, तर गावाने ती दुसऱ्या दिवशी विसरलीही असती. परंतु गुरुजींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारले,

“तुमच्या पेढीवर मुनीमजी अजून येतात ना रे?”

व्यापारी काही क्षण बोलला नाही. प्रश्न कोठून आला हे त्याला कळले होते. त्याच्या आजोबांच्या काळापासून पेढीवर बसणारे मुनीमजी आता सत्तरीचे. पाडव्याला वहीपूजन झाले, परंतु खरा हिशेब वर्षभरापासून संगणकावर चालतो. मुनीमजींची नजर अधू झालेली, बेरजेला वेळ लागतो.

“गुरुजी, या महिन्यापासून त्यांना विश्रांती द्यायची असे घरात ठरले आहे. संगणकावर मुलगा ठेवला आहे.”

“त्यांना सांगितले?”

“अजून नाही. जिवावर येते.”

“फझलला पुण्याने सोडले, ते यादी जाहीर करून. त्याला कळले, साऱ्या जगाला कळले. दुसऱ्या संघाने बोली लावली, तो तेथे गेला. कमी पैशांत गेला, पण खेळला. मुनीमजींना कोण बोली लावणार आहे?”

“पगार चालूच ठेवणार आहोत, गुरुजी. उपाशी ठेवणार नाही.”

“पगाराचे मी विचारलेच नाही.”

मग बराच वेळ त्या मुनीमजींविषयीच बोलणे चालले. परराज्यातला कोणता खरेदीदार पैसे दोन महिने लोंबकळत ठेवतो, कोणाचा धनादेश दोनदा परत आला होता, मोसम खोऱ्यातल्या कोणत्या शेतकऱ्याचा कांदा वर चांगला आणि खाली गोल्टी असतो, हे सारे त्यांच्या डोक्यात आहे आणि ते संगणकात कोणी उतरवलेले नाही. शेतकऱ्याला पैसे चोवीस तासांत चुकते करायचे आणि खरेदीदाराकडून महिन्यांनी यायचे, या दोहोंच्या मध्ये पेढी उभी असते. एक चुकीचा खरेदीदार वर्षाची कमाई नेतो. बेरीज करणारा मुलगा आठ दिवसांत तयार होतो. कोणाला उधार द्यायचे नाही हे सांगणारा माणूस तयार व्हायला चाळीस वर्षे लागली.

“म्हणजे वहीवरून उठवायचे आणि लिलावाला न्यायचे,” व्यापारी शेवटी म्हणाला. ते त्याने गुरुजींना विचारले की स्वतःला, हे कळले नाही.

“उन्हात उभे राहवेल का त्यांना?”

“दहापर्यंत राहवेल. मग गाडीने घरी सोडता येईल. उधारीचे तेवढे संध्याकाळी विचारून घ्यायचे.”

“मग ते त्यांना तू सांग. वडिलांना पाठवू नकोस. आणि पगार कमी करायचा असेल, तर तेही तोंडावर सांग.”

व्यापाऱ्याने मान हलवली. बाकावर बसलेल्या तिसऱ्या कोणीतरी पुण्याने पुढच्या लिलावात डाव्या कोपऱ्यासाठी किती रक्कम ठेवावी, असा विषय पुन्हा काढला. आकडे सुरू झाले. व्यापारी मात्र उठला होता. मुनीमजी सात वाजता पेढी बंद करून निघतात, आणि सात वाजायला थोडाच अवकाश होता.