स्विचबोर्डसमोरची खुर्ची आणि फोटोबाहेर राहिलेले आपण

जुन्या काळाचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. त्यात टेलिफोन एक्सचेंजचा एक फोटो हमखास असतो. भिंतीएवढा स्विचबोर्ड, त्यावर शेकडो भोकं, आडव्यातिडव्या दोऱ्या, समोर ओळीने बसलेल्या बायका, कानाला हेडफोन आणि पाठीमागे उभी असलेली सुपरवायझर. फोटो कधी न्यूयॉर्कचा असतो, कधी लंडनचा, कधी आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराचा. खाली कुणीतरी लिहितं, "काय शिस्त होती! गेले ते दिवस."

आम्ही सिरोंच्यात बसून हा फोटो पाहतो. शिस्त आम्हालाही दिसते. पण त्याच्यासोबत एक प्रश्न पडतो. या खुर्चीवर कोण बसलं आहे? आणि कोण बसलेलं नाही?

हे विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता?" मित्रांनो, जात आम्ही आणत नाही. फोटोग्राफरने कॅमेरा लावला त्याच्या आधीच ती त्या खोलीत होती. दाराशी उभी राहून कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, हे ठरवत होती.

खुर्ची साधी नव्हती

आजच्या पोरांना स्विचबोर्ड माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. तुम्ही फोन उचलला की एक्सचेंजमध्ये तुमच्या नंबरची खूण व्हायची, कुठे झडप पडायची, कुठे दिवा लागायचा. ऑपरेटर दोरीचं एक टोक तुमच्या भोकात घालून विचारायची, "नंबर प्लीज." मग दुसरं टोक समोरच्याच्या भोकात घालून घंटी द्यायची. म्हणजे दोन माणसांचं बोलणं तिच्या हातातून जात होतं. दुसऱ्या गावचा कॉल असेल तर तो आधी बुक करायचा, आणि ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग यावर वाट पाहणं ठरायचं. आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. एका ट्रंक कॉलसाठी अर्धा दिवस बसून राहणं ही नेहमीची गोष्ट होती.

या खुर्चीत किती ताकद होती ते अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर या माणसाच्या गोष्टीवरून कळतं. तो कॅन्सस सिटीत मयतीचा व्यवसाय करत असे. सांगतात की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले कॉल ती आपल्या नवऱ्याकडे वळवायची. वैतागून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं यंत्र शोधलं. १८९१ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. गोष्टीत थोडं मीठमसाला असेलही, पण तिचा अर्थ पक्का आहे. बोर्डावर जो बसतो, त्याच्या हातात दुसऱ्याचा आवाज असतो. कोणाचा कॉल आधी लागेल, कोणाला ताटकळत ठेवलं जाईल आणि कोणाचं बोलणं ऐकलं जाईल, हे तिथे ठरू शकतं.

अशी खुर्ची व्यवस्था कोणाला देते, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

"तेव्हा तुमच्यात शिकलेले कोण होते?"

भारतात १८८२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे एक्सचेंज सुरू झाली. मोठ्या शहरांतल्या बोर्डांवर दीर्घकाळ अँग्लो-इंडियन स्त्रियांचा भरणा होता. त्यांना इंग्रजी येत होतं आणि सरकारचा त्यांच्यावर विश्वास होता. शिवाय परक्या पुरुषांशी बोलणं, रात्रपाळी करणं सवर्ण घरांना आपल्या लेकीसुनांसाठी कमीपणाचं वाटत होतं. त्या बायकांबद्दल आमच्या मनात राग नाही. त्याही कष्टकरी होत्या, दिवसभर हात वर करून दोऱ्या ओढत होत्या.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्या संविधानाचं कलम ३३६ काढून वाचा. रेल्वे, कस्टम, पोस्ट आणि तार खात्यात अँग्लो-इंडियन समाजाच्या नेमणुका पहिली दोन वर्षं १५ ऑगस्ट १९४७ पूर्वीच्याच पद्धतीने कराव्यात, नंतर दर दोन वर्षांनी राखीव जागा दहा टक्क्यांनी कमी कराव्यात आणि दहा वर्षांनी ही तरतूद संपावी, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे पोस्ट-तार खात्यात एका समाजासाठी जागा राखून ठेवण्याची पद्धत इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली होती. आरक्षण हा शब्द आमच्या तोंडी आला की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना हे कलम माहीत असतं का?

आता "शिकलेले कोण होते" याचं उत्तर. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेब नोकरीला होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस, आणि कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत होते. मग सांगा, कमी काय होतं? शिक्षण? जिथे फाईल हातात द्यायला माणसं तयार नव्हती, तिथे कोपराला कोपर लावून बोर्डापाशी बसायला, तीच दोरी धरायला, एकीने काढलेला हेडफोन दुसरीने कानाला लावायला कोण तयार झालं असतं? तारेतून जाणाऱ्या आवाजाला विटाळ होत नाही. पण दोरी धरणाऱ्या हाताला होतो, असं मानणारा हा देश होता.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकत होते, तेव्हा त्या शहराच्या स्विचबोर्डांवर गोऱ्या मुली बसत होत्या आणि काळ्या मुलींना जाणीवपूर्वक दूर ठेवलं जात होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते दार किलकिलं झालं. पुढे १९७३ साली त्या अवाढव्य टेलिफोन कंपनीला, एटी अँड टीला, स्त्रिया आणि अल्पसंख्य कर्मचाऱ्यांशी केलेल्या भेदभावाबद्दल कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. तिकडचे तेच सुंदर फोटो पुन्हा पाहा. ओळीतले सगळे चेहरे एका रंगाचे का आहेत, हे आता कळेल.

तार आली, खुर्ची आली नाही

आता आमच्या मुलखाकडे या. सिरोंचा म्हणजे महाराष्ट्राचं टोक. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते, पलीकडे तेलंगणा. जिल्ह्याचं गाव गडचिरोली सुमारे २०० किलोमीटरवर. इथे मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया सगळं कानावर पडतं. लोकांना वाटतं हा मागास कोपरा, इथे तार-टेलिफोनचा इतिहास कुठला? पण इतिहास आहे, आणि तो रक्ताने लिहिलेला आहे.

१८५८ साली या जंगलात बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या माणसांच्या तळावर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पुढे अहेरीच्या जमीनदारीणबाईंनी बाबूरावांना पकडून दिलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यानंतर १८६० साली सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं बनलं. इंग्रज अधिकारी ग्लासफर्ड यांचं नाव ग्लासफर्डपेठा या गावाला आजही चिकटलेलं आहे. १८७४ साली तो जिल्हा मोडून सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं.

गोंडांच्या रानात तार खातं आलं ते त्यांचा निरोप पोचवायला नाही. हुकूम पोचवायला आणि बंडाची खबर लवकर कळवायला राज्याला तार हवी होती. त्याच बाबूरावांच्या नावे भारतीय डाक विभागाने २००९ साली तिकीट काढलं. तिकिटावर चेहरा छापायला दीडशे वर्षं लागली. खात्याच्या खुर्चीत त्यांची लेकरं किती बसली, हे कोणी मोजलं आहे का?

फोटोंचंही तसंच. आदिवासींचे आणि आपले फोटो काढलेच नाहीत असं नाही. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ साली चार खंड निघाले. प्राणहितेच्या पलीकडे आदिलाबादच्या राजगोंडांचे फोटो हैमेंडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात काढले. म्हणजे अल्बम दोन आहेत. एका अल्बममध्ये यंत्रासमोर बसलेली 'आधुनिक' स्त्री आहे. दुसऱ्यात झोपडीसमोर उभा केलेला 'नमुना' आहे. आपण पहिल्यात नाही, फक्त दुसऱ्यात आहोत. त्याच काळात, त्याच देशात.

पण पहिल्या अल्बममधून आपण खरंच गायब होतो का? बोर्डाच्या मागे तार होती. तारेखाली खांब होते. खड्डे कोणी खणले, खांब खांद्यावर कोणी वाहिले, पावसाळ्यात तुटलेली तार जोडायला नाल्यातून कोण गेलं? लाइन मजूर. रोजंदारीवरचा माणूस. स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाल्यावर, १९८७ साली, पोस्ट आणि तार खात्यातल्या रोजंदारी मजुरांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठे न्यायालयाने त्यांना नियमित कामगाराएवढा पगार द्या, कायम करण्याची योजना आखा, असं सांगितलं. या माणसांचे फोटो कोणी 'सोनेरी काळ' म्हणून फिरवत नाही.

खुर्ची मिळाली कशी, गेली कशी

बाबासाहेबांना हे पुरतं माहीत होतं. म्हणून गोलमेज परिषदेत त्यांनी मतदारसंघांच्या मागणीसोबत सरकारी नोकऱ्यांत पुरेशा प्रतिनिधित्वाची मागणी ठेवली. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात तीच पुन्हा मांडली. १९४३ साली अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ साली त्या १२.५ टक्के झाल्या. आदिवासींना संविधानाने हा हक्क दिला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्यानंतरच्या पिढीने मॅट्रिक पास होऊन पोस्टात, तारेत, टेलिफोनमध्ये पाय ठेवला. ज्या घरात आजी चिठ्ठी वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारी जायची, त्या घरातली मुलगी हेडफोन लावून "नंबर प्लीज" म्हणू लागली. ही क्रांती होती. तिचे फोटो कुठल्या कंपनीच्या जाहिरातीत नाहीत. ते आपल्याच घरातल्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि दीक्षाभूमीच्या फोटोंखाली पिवळे पडत आहेत.

आणि खुर्चीत नीट बसतो न बसतो तोच खुर्ची उचलायला सुरुवात झाली. १९६० साली लखनौ-कानपूर थेट डायलिंग सुरू झालं. १९८४ साली सी-डॉट स्थापन झालं आणि छोटी स्वयंचलित एक्सचेंज खेड्यांत गेली. यंत्र सुधारलं याचं आम्हाला दुःख नाही. लाइटनिंग कॉलसाठी गरिबाने कर्ज काढावं असं आम्ही कशाला म्हणू? पण २००० साली खात्याचं बीएसएनएल झालं, खासगी कंपन्या वाढल्या, आणि जानेवारी २०२० च्या अखेरीस बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. फोन प्रत्येक खिशात आला. त्या फोनमागच्या नोकऱ्या मात्र कंत्राटात आणि खासगी कंपन्यांत गेल्या, जिथे आरक्षण लागू नाही. एका खुर्चीसाठी शंभर वर्षं भांडलो, आणि ती रिकामी झाली तेव्हा आपल्या संघटनांनी निवेदनसुद्धा दिलं नाही. ही चूक आपली आहे. ती कबूल करू.

स्विचबोर्ड संपलेला नाही

कोणी म्हणेल, आता बोर्डच नाही तर भांडायचं कशासाठी? आमचं म्हणणं उलट आहे. बोर्ड संपलेला नाही, त्याने जागा बदलली. आज १०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला की तो पुण्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो. सिरोंचा तालुक्यातल्या एखाद्या माडिया बाईने रात्री दोन वाजता बाळंतपणासाठी फोन केला, तर तिची भाषा समजणारं माणूस त्या खुर्चीत असायला हवं की नको? तेलुगू बोलणाऱ्या म्हाताऱ्याला आपल्या गावाचं नाव समजावून सांगता आलं पाहिजे की नको? "नंबर प्लीज" च्या जागी आता "पत्ता सांगा" आलं. खुर्चीचा प्रश्न तोच आहे. फक्त आता तो जगण्यामरण्याचा आहे.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली सरकारकडे: आपत्कालीन फोनच्या नियंत्रण कक्षांत गोंडी, माडिया आणि तेलुगू बोलणारे ऑपरेटर नेमा, आणि ते याच तालुक्यांतल्या मुलामुलींमधून नेमा. दुसरी कंपन्यांकडे आणि त्यांना परवाने देणाऱ्यांकडे: हवेतल्या लहरी जनतेच्या आहेत, त्यांवर कमावणाऱ्यांनी जनतेला प्रतिनिधित्व द्यावं. खासगी क्षेत्रात आरक्षण हवं, आणि त्याची सुरुवात टेलिफोन कंपन्यांपासून व्हावी.

तिसरी मागणी आपल्याकडेच. या रविवारी विहारातून घरी गेल्यावर ट्रंक उघडा. टेलिफोन खात्यात असलेली आत्या, लाइनमन मामा, पोस्टातले आजोबा, ज्यांचा कोणाचा फोटो सापडेल त्याच्या मागे पेनाने नाव, गाव, साल आणि काम लिहा. आपल्या मुलांना तो दाखवा आणि विचारा, "या खुर्चीपर्यंत यायला आपल्याला किती वर्षं लागली, सांग बरं?"

दुसऱ्यांच्या अल्बममध्ये आपण बिननावाचे आहोत. आपल्या अल्बममध्ये तरी तसे राहू नये.

जय भीम! जय सेवा!